दिवसभर नुसतं उभं राहायचं, त्याला काम म्हणतात का?

प्रश्न : ताई, मी २१ वर्षांची आहे, इचलकरंजीची. बाबांचे यंत्रमाग आहेत. माझं बी.कॉम. झालंय. कॉलेजात असताना कोल्हापूरच्या दोन बुटिकसाठी आणि एका सराफाच्या जाहिरातीसाठी फोटो दिले, तेव्हापासून मॉडेलिंगच करायचं हे मनात पक्कं आहे. उंची पाच फूट साडेसात इंच, रंग सावळा. अंधेरीच्या एका एजन्सीला फोटो पाठवले होते. त्यांनी बोलावलंय, पण पोर्टफोलिओ आणि नावनोंदणी मिळून ६५ हजार आधी भरा म्हणतात, आणि सहा किलो वजन उतरवून या म्हणतात. बाबा गप्प आहेत. आई म्हणते, "दिवसभर नुसतं उभं राहून फोटो काढून घ्यायचे, त्याला काम म्हणतात का? आणि आपल्यातल्या मुली हे असलं करत नाहीत." मला तिला उत्तर देता येत नाही, कारण मॉडेलचा दिवस नेमका कसा जातो हे मलाच ठाऊक नाही. मी जाऊ का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आधी पैशांचं बोलू, कारण ते आजच्या आज थांबवायला हवं. ६५ हजार भरू नकोस. त्यातले निम्मे भरते, बाकीचे नंतर, असंही करू नकोस. एजन्सीची कमाई असते ती मॉडेलला मिळालेल्या कामावरच्या कमिशनची. साधारण २० टक्के, कुठे त्याहून जास्त. तुला काम मिळालं तरच तिला पैसे मिळतात, म्हणून ती तुझ्यासाठी धावपळ करते. जिने तुझ्याकडून आधीच पैसे घेतले, तिला तुला काम मिळवून देण्याची गरजच काय? "आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ करा" ही तर हमखास खूण.

सुरुवातीला कास्टिंगवाल्यांना हवे असतात ते साधे फोटो. आम्ही त्यांना पोलरॉइड्स म्हणतो. दिवसाउजेडी, कोऱ्या भिंतीसमोर, मेकअप न करता, केस मागे बांधून, अंगात काळा बिनबाह्यांचा टॉप आणि घट्ट जीन्स. समोरून, दोन्ही बाजूंनी, पाठमोरा, डोक्यापासून पायापर्यंतचा एक आणि चेहऱ्याचा जवळून एक. सोबत छोटा इंट्रो व्हिडिओ : नाव, वय, उंची, गाव, दोन्ही बाजूंनी चेहरा, हात पुढून-मागून. हे सगळं मैत्रिणीच्या मोबाइलवर फुकटात होतं. फिल्टर मात्र लावायचा नाही, आणि उंची अर्धा इंचही वाढवून सांगायची नाही. स्टुडिओत टेप लावतातच.

आता आईचा प्रश्न. तो मला मनापासून आवडला, कारण या धंद्याबद्दल असं सरळ कुणी विचारत नाही. मी कपड्यांच्या शूटवर स्टायलिंग करते, म्हणजे मॉडेलच्या अंगावर कपडा नीट बसवणं हे माझं काम. या मुलींचा दिवस मला हातभर अंतरावरून दिसतो. टीव्हीवर दिसतो तो रॅम्प तूर्त बाजूला ठेव. मुंबईत मॉडेलिंगवर ज्या मुलींचं भाडं आणि किराणा सुटतो, त्यातल्या बहुतेकींचा आधार ऑनलाइन दुकानांचा कॅटलॉग हाच आहे. मोबाइलवर कुर्ती बघताना बोटाने सरकवतो ना आपण फोटो, तेच.

समज कॉल टाइम, म्हणजे सेटवर हजर राहायची वेळ, साडेआठची आहे. स्टुडिओ गोरेगावात, किंवा थेट भिवंडीला गोदामांच्या रांगेत. मालाडच्या पीजीत राहणारी मुलगी साडेपाचला उठते. केस आदल्या रात्री धुतलेले, नखांना रंग नाही, हातापायांचं वॅक्सिंग झालेलं. तिच्या पिशवीत त्वचेच्या रंगाचे बिनशिलाईचे आतले कपडे, काळ्या आणि त्वचेच्या रंगाच्या हिल्स, घरच्या स्लीपर, पट्ट्या, पाण्याची बाटली, डबा. मेकअप आणि केस यांत तास-सव्वा तास जातो. तोवर आम्ही रॅकवरचे कपडे स्टीमर फिरवून तयार करतो. दहाच्या आत पहिला लुक, म्हणजे कपड्यांचा पहिला जोड, कॅमेऱ्यासमोर आलाच पाहिजे.

पुढे जे चालतं ते आईला वाचून दाखव. जमिनीवर टेपची खूण असते, तिच्यावर उभं राहायचं. समोरून, थोडं वळून, बाजूने, पाठमोरं, मग गळ्याचा किंवा बाहीचा जवळून एक. दर फ्रेमला वजन या पायावरून त्या पायावर, हात खिशात, हनुवटी किंचित खाली. पाच-सात फोटो झाले की फोटोग्राफर ओरडतो "चेंज!", आणि ती पडद्याआड धावते. नवा कुर्ता डोक्यावरून घालताना चेहऱ्यावर पातळ जाळीचं कापड टाकतात, कारण कपड्याला फाउंडेशन लागलं तर माल परत घेत नाहीत. बुटांच्या तळव्यांना कागदी टेप चिकटवलेला, तळ खरवडू नये म्हणून. टॅग कापायचा नाही, तो आत खोचायचा आणि दिवसभर मानेला टोचू द्यायचा. सॅम्पलचा कपडा बहुतेकदा ढगळ असतो, म्हणून पाठीवर मी चार-पाच मोठे चिमटे लावून तो अंगाबरोबर बसवते. समोरून बघणाऱ्याला वाटतं, काय सुरेख फिटिंग! पाठीमागे चिमट्यांची रांग असते, आणि ते असेपर्यंत तिला टेकता येत नाही की बसता येत नाही.

असे पंचवीस-तीस, कधी चाळीस लुक एका दिवसात. कॅटलॉग नेहमी पुढच्या मोसमाचा असतो, त्यामुळे मे महिन्याच्या घामात स्वेटर आणि जाकिटं, ऐन पावसात दिवाळीचे घागरे. राखाडी टी-शर्टला काखेत घामाचा डाग पडला की काम थांबतं, तो वाळवायचा आणि पुन्हा. जेवायला अर्धा तास, मेकअप सांभाळत, अंगावर गाऊन टाकून. सात वाजता पॅकअप होतं तेव्हा पोटऱ्या भरून आलेल्या असतात आणि टाच टेकवत नाही.

यात कसब कुठे आहे, असं आई विचारेल. ते दुपारी चारनंतर दिसतं. अडतिसाव्या लुकला चेहरा पहिल्या लुकइतकाच ताजा हवा, कारण गिऱ्हाईक कुठला फोटो आधी बघेल ते कुणाला माहीत! चांगल्या मुलीला चिमटा सैल झालेला पाठीवर कळतो, आणि आम्हाला न थांबवता ती असं वळते की तो कॅमेऱ्यात येत नाही. ओढणीचा काठ कुठे पडला की नक्षी दिसेल, हे तिला सांगावं लागत नाही. निर्मितीवाल्यांचा हिशोब दिवसात किती कपडे उरकले याचा असतो, म्हणून अशा मुलीला ते पुन्हा बोलावतात. सुंदर पण हळू मुलगी बऱ्याचदा दुसऱ्यांदा दिसत नाही. हे मी कित्येकदा बघितलंय.

साड्यांचे कॅटलॉग वेगळे. त्यातलं पुष्कळ काम सुरतेला होतं, कारण माल तिथलाच. मुंबई सेंट्रलहून संध्याकाळच्या फ्लाइंग राणीने जायचं, रात्री हॉटेल, सकाळपासून साड्या. निऱ्या घालणारी बाई वेगळी असते. तिच्या हाताला वेग असतो, पण दिवसभर कमरेला तोच घट्ट परकर आणि खांद्यावर पिना. अशा कामाला जाण्याआधी भाडं आणि हॉटेल कोण देणार, सोबत दुसरी कोण बाई आहे, परतीचं तिकीट कधीचं, हे लेखी मागायचं आणि घरी कळवायचं.

हा झाला कामाचा दिवस. महिन्यात असे दिवस थोडे असतात, आणि नव्या मुली नेमक्या इथेच गळपटतात. बिनकामाच्या दिवशीही सकाळपासून फोन हातात असतो. "अमुक तारीख ब्लॉक कर" असा निरोप येतो, तू ती मोकळी ठेवतेस, दुसरं काम नाकारतेस, आणि आदल्या रात्री नऊला "क्लायंटने दुसरी फायनल केली" असं कळतं. त्याचा एक रुपया मिळत नाही. जाहिरातपटांच्या ऑडिशनसाठी वर्सोव्याच्या आरामनगरात जायचं, जुन्या बंगल्यांमधून एका दारातून दुसऱ्या दारात. नाव लिहायचं, नंबर यायची वाट बघायची, दीड मिनिटात बाहेर. "नॉट फिट" म्हणजे तू वाईट असा त्याचा अर्थ नसतो. त्यांना कुरळ्या केसांची हवी होती, इतकंच असतं बऱ्याचदा. पण रोज ऐकलं की मन खचतं. संध्याकाळी मागच्या महिन्यांची बिलं काढून कामं जुळवून देणाऱ्या को-ऑर्डिनेटरला पेमेंटची आठवण करायची. तोही कामाचाच भाग.

रॅम्पबद्दल दोन वाक्यं. मुंबईत लॅक्मे फॅशन वीकसारख्या ठिकाणी मुलींना साधारण पाच फूट आठ इंचांच्या वरची उंची मागतात, त्यामुळे तुझी गाडी तिथे अडण्याची शक्यता जास्त. कॅटलॉगला मात्र तुझी उंची उत्तम. आणखी एक काम फारसं कुणाला माहीत नसतं, ते म्हणजे फिट मॉडेलचं. कपडे बनवणाऱ्या कंपन्या नमुना शिवला की तो एका ठरावीक मापाच्या मुलीवर चढवून बघतात, बाही कुठे ओढते, बसल्यावर कंबर कुठे काचते ते विचारतात. चेहरा कुठे छापून येत नाही, पण काम नियमित असतं. कापडाच्या घरात वाढलेली तू, कापड कुठे ताणतंय हे तुला शब्दांत सांगता येईल. याची चौकशी जरूर कर.

आता बाबांना हाताशी धर. ते गप्प आहेत म्हणजे विरोधात आहेत असं समजू नकोस; त्यांना हा व्यवहार कळलेला नाही, इतकंच असेल. तुमच्याकडे जॉबवर्कची मजुरी पिकावर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर ठरते, तशी इथे कधी दिवसावर ठरते, कधी लुकवर. त्यांच्याबरोबर कागद घेऊन बस. धरून चाल, दिवसाला आठ हजार आणि महिन्यात सहा दिवस काम. ४८,००० झाले. एजन्सीचे २० टक्के म्हणजे ९,६०० गेले. १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला कर, गेला तर ४,८०० आणखी. हातात ३३,६००. हा टीडीएस आयकराचं रिटर्न भरल्यावर परत मिळू शकतो, म्हणून पॅन कार्ड आणि प्रत्येक बिलाची प्रत जपायची. पण हे पैसे त्या महिन्यात येत नाहीत. दोन महिने, तीन महिने, कधी त्याहूनही उशिरा येतात. तोवर पीजीचं भाडं, लोकल, रिक्षा, वॅक्सिंग, जेवण खिशातून. किमान चार महिन्यांचा खर्च बँकेत असल्याशिवाय मुंबईत राहायला येऊ नकोस. त्या ६५ हजारांचा खरा उपयोग हा आहे.

दिवसाच्या दरात किती तास, किती लुक आणि जास्त वेळ थांबवलं तर किती पैसे, हे आधी ठरवून घे. फोटो कुठे आणि किती काळ वापरणार, हेही. वेबसाइटसाठी एक वर्ष म्हणून दिलेला फोटो दोन वर्षांनी हायवेच्या होर्डिंगवर दिसला तर त्याचे वेगळे पैसे मागता यायला हवेत, आणि ते करारात असेल तरच मागता येतात. हल्ली त्यात एक नवं वाक्य लिहून घ्यावं लागतं : माझ्या चेहऱ्याची किंवा शरीराची डिजिटल प्रतिकृती माझ्या वेगळ्या लेखी संमतीशिवाय करायची नाही. २०२५ साली एच अँड एम या कपड्यांच्या कंपनीने ३० मॉडेलांच्या अशा प्रतिकृती तयार करणार असल्याचं जाहीर केलं. न्यूयॉर्क राज्यात त्याच वर्षी जूनपासून मॉडेलांसाठीचा कायदा लागू झाला. त्यात या संमतीची अट आहे आणि एजन्सीच्या कमिशनला २० टक्क्यांची मर्यादाही आहे. आपल्याकडे मॉडेलांसाठी असा वेगळा कायदा नाही, त्यामुळे जे काही संरक्षण आहे ते तू सही करतेस त्या कागदातच.

सहा किलोंचं वाचून मला राग आला. त्यांनी तुला प्रत्यक्ष पाहिलेलंही नाही. २००६ साली उरुग्वेची लुईसेल रामोस ही २२ वर्षांची मॉडेल माँटेव्हिडिओत एका फॅशन शोमध्ये चालून आल्यावर कोसळली आणि गेली. त्याच वर्षी माद्रिदच्या फॅशन वीकने बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) १८ पेक्षा कमी असलेल्या मॉडेलांना रॅम्पवर उतरवायचं नाही असं ठरवलं, आणि फ्रान्सने पुढे मॉडेलला डॉक्टरांचा दाखला सक्तीचा केला. जगाने हे इतकं महागात शिकलंय, तर अंधेरीतल्या कुणाच्या एका मेसेजवर तू जेवण सोडायचं कारण नाही. मी तुला वर सांगितलेला दिवस उपाशीपोटी निभत नाही. चक्कर येऊन पडलेल्या मुलींना आम्ही ग्लुकोज पाजलंय. व्यायाम कर, खांदे आणि पाठ मजबूत कर, माप आहे ते खरं सांग. तुझ्या मापाला काम आहे.

रंगाचंही तसंच. सावळ्या मुलींना काम मिळतं, आधीपेक्षा बरंच जास्त मिळतं. पण मेकअपच्या पेटीत तुझ्या छटेचं फाउंडेशन असेलच असं नाही, आणि मग चेहरा राखेसारखा दिसतो, मानेचा रंग वेगळा. म्हणून स्वतःच्या छटेचं स्वतः घेऊन जा आणि खुर्चीत बसतानाच नम्रपणे पुढे कर. फोटोत तुला उजळ करून टाकलेलं दिसलं तर को-ऑर्डिनेटरला सांग. यावर बोलणाऱ्या मुली वाढल्या म्हणूनच फरक पडू लागलाय.

सुरक्षिततेबाबत माझी मतं कडक आहेत. कास्टिंग दिवसा आणि ऑफिसात किंवा स्टुडिओत. हॉटेलची खोली, कुणाचा फ्लॅट, रात्री दहाची "मीटिंग" यांना नाही म्हणायचं आणि कारण द्यायचं नाही. कपडे बदलायला बंद जागा नसेल तर ती मिळेपर्यंत बदलायचे नाहीत. आतल्या कपड्यांचं किंवा स्विमवेअरचं शूट असेल तर ते आधी लेखी कळलं पाहिजे. सेटवर आयत्या वेळी पुढे केलं तर नकार देण्याचा तुला पूर्ण हक्क आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तात्पुरत्या आणि कंत्राटी कामालाही लागू होतो. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असावीच लागते. नसेल तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची असते, म्हणून तारीख, वेळ, मेसेज जपून ठेवायचे.

"आपल्यातल्या मुली" याबद्दल आईला सांग, नागपूरची मधू सप्रे १९९२ साली मिस युनिव्हर्स स्पर्धेत तिसरी आली होती, आणि उज्ज्वला राऊतने १९९६ साली 'फेमिना लुक ऑफ द इयर' ही मॉडेलिंगची स्पर्धा जिंकून पुढे परदेशातले रॅम्प गाजवले. पण त्या मोठ्या नावांनी आईची काळजी जाणार नाही, हे मला कळतं. तिला काळजी आहे ती तू कुठे जाशील, कुणाबरोबर असशील, लोक काय म्हणतील याची. म्हणून पहिल्या वेळी तिला सोबत आण. हातकणंगल्याहून रात्रीची महालक्ष्मी पकडा, एक-दोन स्टुडिओ दिवसा बघा. तिने एकदा त्या पडद्याआडची धावपळ, इस्त्रीची वाफ, जेवणाच्या डब्यांची रांग पाहिली, की तिचं बोलणं बदलेल असं मला वाटतं. नाही बदललं, तरी ती निदान ऐकीव गोष्टींवरून बोलणार नाही.

तर, जाऊ का? जा, पण आत्ताच मुक्काम हलवू नकोस. पुढचे तीन-चार महिने इचलकरंजीतूनच चार-पाच एजन्सींना आणि थेट कॅटलॉग स्टुडिओंना पोलरॉइड्स पाठव. काम ठरलं तरच ये, ते करून परत जा. कोल्हापूर-पुण्यातली कामं सोडू नकोस. कॅमेऱ्यासमोर उभं राहण्याचा सराव तिथेही होतो. महिन्यात तीन-चार दिवसांचं काम सातत्याने यायला लागलं की मग पीजी शोध. आणि तुझं बी.कॉम. वाया घालवू नकोस. जीएसटी आणि टॅलीचं काम लॅपटॉपवर कुठूनही होतं. तारीख ब्लॉक होऊन सुटलेल्या दिवशी तेच तुझं भाडं भरेल. माझ्या पाहण्यातल्या ज्या मुली या धंद्यात टिकल्या, त्यांच्यातल्या बऱ्याच जणींकडे असं दुसरं काहीतरी होतं.

त्या एजन्सीला आजच दोन ओळी लिही : "मला तुमच्याबरोबर काम करायला आवडेल. मी आगाऊ रक्कम भरणार नाही, कमिशन माझ्या कामातून घ्यावं. करार वाचायला पाठवावा." उत्तर आलं नाही तर तुझे ६५ हजार वाचले. करार आलाच, तर त्यात "एक्सक्लुझिव्ह" (म्हणजे फक्त त्यांच्यामार्फतच काम करायचं) हा शब्द शोध, तो किती वर्षांसाठी आहे ते बघ, आणि मधेच सोडायचं झालं तर किती दिवसांची सूचना द्यायची ते बघ. वर्षापेक्षा जास्त काळ बांधून घेत असतील तर सही करण्याआधी कोल्हापुरातल्या एखाद्या वकिलाला दाखव, आणि तेव्हा बाबांना सोबत ने.